सातवी पायरी

हे घडलेलं आहे. कुणाकडून ऐकलेलं नाही.

मी मनिलातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भुताखेतांची पुस्तकं कुठे ठेवायची ते मला पाठ आहे. लोककथांचं कपाट, खालून दुसरा कप्पा. ही गोष्ट त्या कप्प्यातली नाही, एवढंच आधी सांगते.

तारीख १९ फेब्रुवारी २०१९. वार मंगळवार. जागा केसोन प्रांतात गुमाकाच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, माताबा नावाचा आमचा बारिओ, म्हणजे गाव.

तुम्ही या पानावर रात्रीच्या गोष्टी वाचता. ही रात्रीची नाही.

दुपारचे तीन वाजले होते. ऊन इतकं, की सिमेंटच्या ठोकळ्यावर हात ठेववत नव्हता. आम्ही तिथे चार माणसं होतो. चौघांनीही ऐकलं. त्यातले दोघं आता नाही म्हणतात.

म्हणू देत.

त्या दिवशी माझ्या आईचा, नानायचा, चाळिसावा होता, मरणानंतरचा चाळिसावा दिवस.

चाळिसावा म्हणायचं, पण तो खरा चाळिसावा होता का, हेही मला माहीत नाही. नानाय नक्की कुठल्या दिवशी गेली ते कुणालाच माहीत नाही. ती सापडली ११ जानेवारीला. म्हणून सापडल्या दिवसापासून मोजले.

हे वाक्य लिहितानाही माझे दात एकमेकांवर दाबले जातात.

आमचं घर बांबूचं होतं. वर निपाच्या पानांचं छप्पर, खाली खांब, मध्ये बांबूच्या कांबींची जमीन. लहानपणी दुपारी मी घराखालच्या सावलीत कोंबड्यांशेजारी पडून राहायचे आणि कांबींच्या फटींतून आईचे तळवे बघायचे. ती झाडायला लागली की बारीक धूळ माझ्या केसांत पडायची.

"सोली, बाजूला हो! तुझ्या डोक्यावर झाडू का घर?"

अशा घरात गुपित राहत नाही. कोण उठलं, कोण वळलं, कोण रडतंय, सगळं खालच्याला कळतं. नानायचा डावा पाय लहानपणापासून अधू होता. ती चालली की ठक... सर्र. ठक... सर्र. दुपारी तीनला ती झोपून उठायची, खिडकीपाशी जायची, झडप उचलून तिला काठीचा टेकू द्यायची.

ठक... सर्र. ठक... सर्र. टक.

ते टक झालं की तीन वाजले. आमच्याकडे घड्याळ नव्हतं तेव्हापासून.

शिडी माझ्या वडिलांनी आणि लोलो टेरॉयनी केलेली. लोलो टेरॉय म्हणजे शेजारचे म्हातारबुवा. अर्ध्या बारिओची घरं त्यांच्याच हातची. शिडीला पायऱ्या सात. आमच्याकडे पायऱ्या एक, दोन, तीन अशा मोजत नाहीत. सोनं, चांदी, मरण. पुन्हा सोनं, चांदी, मरण. वरची शेवटची पायरी मरणावर येता कामा नये. सातवी येते सोन्यावर.

नोव्हेंबरच्या वादळात सातवी पायरी मोडली.

राहिल्या सहा.

नानायनं मला फोन केला.

"सोली, शिडी मरणावर संपतेय गं."

"नानाय, सहा काय नि सात काय! पाय टाकता येतो ना?"

"टाकता येईल. पण टाकू कसा?"

"अशा समजुती जगभर असतात. मी वाचलंय त्यावर. घाबरण्यासारखं काही नसतं."



"बरं," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"

मी जेवले होते. तसं सांगून मी फोन ठेवला. माझ्या टेबलावर त्या दिवशी नव्या पुस्तकांचा ढीग होता.

माझा थोरला भाऊ, कुया सान्तो, गुमाकात जीप चालवतो. तिथून माताबा पाऊण तासावर. तिनं त्यालाही सांगितलं. एकदा नाही, दर रविवारी सांगितलं. तो मला फोनवर हसत म्हणाला, "अगं, ते घर उन्हाळ्यात जाणारच आहे. त्याला आता पायरी कशाला? उद्या कापायच्या कोंबडीला आज कोण दाणे घालतं?"

घर कुठे जाणार, ते मी विचारलं नाही. म्हणजे हाही माझाच दोष.

पायरी मोडल्या दिवसापासून नानाय खाली उतरली नाही.

दोन महिने.

खिडकीतून दोरीला बांधून टोपली खाली सोडायची. शेजारची आलिंग बिनिंग त्यात मासे ठेवायची, मीठ ठेवायची, पाण्याच्या बाटल्या ठेवायची. लोक गंमत करायचे. "काय हो, राणीसाहेब आज दर्शन देणार का?" नानायही वरून हसायची म्हणे.

पायरी मात्र कुणी बसवली नाही. लोलो टेरॉय तेव्हा मुलीकडे होते, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. बाकी चाळीस पुरुष होते बारिओत. चाळीस. हा आकडा लक्षात ठेवा.

आता रीत सांगते. कुणाच्या घरी गेलं की शिडीखाली उभं राहून हाक द्यायची, "माणूस आहे हो!" जे माणूस नाही त्याला हे म्हणता येत नाही, म्हणून. वरून "या" आलं की चढायचं. आलं नाही तर चढायचं नाही.

९ जानेवारीला आलिंग बिनिंगनं हाक दिली. वरून काही आलं नाही. तिला वाटलं, झोपली असेल.

१० तारखेला पुन्हा दिली. टोपली खालीच होती. आदल्या दिवशीचा मासा तसाच. मुंग्या लागलेल्या. तिला वाटलं, रुसली असेल.

११ तारखेला ती चढली.

मी तिला विचारलं, "तीन दिवस, आलिंग बिनिंग?"

"अगं पोरी, हाकेला ओ नसताना कुणाच्या घरात शिरायचं कसं? रीत असते ना काही."

रीत.

मोडकी पायरी दोन महिने बघत राहायला रीत आडवी आली नाही. चढायला आली.

नऊ दिवस प्रार्थना झाल्या. मी नऊही दिवस तिथे होते. दहाव्या दिवशी मनिलाला परतले. त्याच्या दुसऱ्या दिवशी फोनवर व्हिडिओ आला. कुयानं सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. खाली हसरे चेहरे टाकले होते.

व्हिडिओत आमचं घर चाललं होतं.

खाली आडवे-उभे बांबू बांधून, खांद्यांवर. चाळीस पुरुष. तेच चाळीस. पुढे कुणीतरी डबा बडवतंय, मागे पोरंटोरं नाचतायत, बायका भाताच्या पेजेची पातेली घेऊन उभ्या. नारळांच्या मधून छप्पर डुलत डुलत चाललंय.

समुद्रावर नवीन रिसॉर्ट झालं होतं. त्यांना पाहुण्यांसाठी खरं, जुनं, राहतं घर हवं होतं. बदल्यात कुयाला सिमेंट आणि ठोकळे. रिकाम्या जागेवर तो पक्कं घर बांधणार होता.

आमच्यात चाळीस दिवस मेलेलं माणूस घराच्या आसपास असतं. त्या दिवसांत त्याच्या वस्तू हलवत नाहीत. उशीसुद्धा हलवत नाहीत. यांनी घर हलवलं.

तो व्हिडिओ मी पुष्कळदा पाहिला. रागानं माणूस तेच तेच बघतं. म्हणून मला त्यात एक गोष्ट दिसली. तुम्ही एकदाच पाहिला असता तर दिसली नसती.

सुरुवातीला घर उचलत नव्हतं.

चाळीस जण, आणि बांबूचं घर. ते फुलासारखं उठायला हवं. कुणीतरी ओरडतो, "अरे, इतकं जड कसं? आत काही राहिलंय का?" लोलो टेरॉय परत आले होते, ते बाजूला उभे. ते म्हणतात, "काही म्हणू नका, कुणी राहिलंय का ते बघा." सगळे हसतात.

मग ते कसंबसं उठतं. दहा पावलं चालतं. त्यांच्या माना ताणलेल्या दिसतात.

कुंपण ओलांडलं...

आणि सगळे एकदम पुढे कोलमडतात. अचानक हलकं ओझं हाती आल्यासारखे.

"हां, आता बघ कसं पळतंय!" कुणीतरी म्हणतं. आणि घर खरंच पळत सुटतं.

१९ तारखेला सकाळी मी आधी रिसॉर्टवर गेले. घर बघायला. काउंटरवरची मुलगी गोड होती. भिंतीवर पाटी होती, 'खरं लोकजीवन अनुभवा'. घराला नवा लाकडी जिना लावलेला, कठडा असलेला. कांबींना चकचकीत पॉलिश.

"मॅडम, या घराला सगळ्यात जास्त मागणी आहे," ती म्हणाली. "अगदी शांत आहे ना."

मी आत गेले. मधोमध चालले. मग मुद्दाम पाय आपटून चालले.

एकही कांब वाजली नाही.

त्या जमिनीवर मी रांगायला शिकले होते. उंदीर गेला तरी ती कुरकुरायची. आता तिच्यात काहीच नव्हतं. घर होतं, आवाज नव्हता. मी खिडकीच्या टेकूची काठी शोधली. नव्हती. त्या जागी पितळी कडी होती.

मी बाहेर आले. त्या मुलीवर ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. तिचा काय दोष? माझ्याकडे ओरडण्यासाठी माणसं ठरलेली होती.

माताबात पोहोचले तेव्हा प्रार्थना संपून माणसं पांगत होती. ताडपत्रीखाली नूडल्सची मोठी परात, भाताच्या गोड वड्या, खुर्च्या. एका ओंडक्यावर नानायसाठी वाढलेलं ताट. मागे ठोकळ्यांची चळत. आणि जिथे घर होतं तिथे सहा खड्डे. खांबांचे.

जुनी शिडी सांतोलच्या झाडाला टेकून उभी होती. सहा पायऱ्यांची. रिसॉर्टला ती नको होती, आणि घर उचललं तेव्हा लोलो टेरॉयनीही तिला हात लावू दिला नव्हता. "मरणावर संपणारी शिडी खांद्यावर घेऊन मिरवायची नसते," म्हणाले.

दोन वाजून गेले. उरलो आम्ही चौघं. मी, कुया, परात घासणारी आलिंग बिनिंग, आणि बाकावर पेंगणारे लोलो टेरॉय.

"आल्या मनिलाच्या मॅडम," कुया म्हणाला. "प्रार्थना संपल्यावर. जेव, गार होईल."

"घर बघून आले."

"मग? काय चमकतंय ना! आपल्या जन्मात एवढं चमकलं नव्हतं."

"चाळीस दिवस थांबला असतास तर काय मेला असतास?"

"त्यांचं उद्घाटन होतं, सोली. ते थांबणार नव्हते. दुसऱ्याचं घर उचललं असतं त्यांनी."

"उचलू द्यायचं होतं. आज नानाय कुठे येणार? या ठोकळ्यांवर?"

"तुला कधीपासून हे पटायला लागलं?" तो उभा राहिला. "सहा काय नि सात काय, कोण म्हणालं होतं? तिनं सांगितलं मला. दहादा सांगितलं. 'सोली म्हणते काही नसतं. सोली शिकलेली आहे.'"

मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. आजवर कुणावर हात उचललेला नाही, पण त्या क्षणी उचलला असता. माझी मूठ वळलेली होती.

तेव्हाच...

टक.

आम्ही दोघंही थांबलो.

आलिंग बिनिंगचा परातीवरचा हात थांबला.

आवाज वरून आला होता. झाडावरून नाही. जिथे काहीच नव्हतं तिथून. सहा खड्ड्यांच्या वर, माझ्या डोक्याहून हातभर उंचावरून.

मी घड्याळ पाहिलं. तीन.

मग कांबी कुरकुरल्या.

मी हा आवाज आयुष्यभर ऐकलाय. बांबूची कांब वजनाखाली कशी बोलते ते मला माहीत आहे. पॉलिश केलेल्या त्या घरात जो आवाज सकाळी मला मिळाला नाही, तो इथे होता. उघड्या हवेत.

ठक... सर्र.

ठक... सर्र.

"वारा आहे," कुया म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

लोलो टेरॉय जागे झाले होते. "वाऱ्याला लंगडता येतं?" त्यांनी विचारलं.



मग मला कोंबड्या दिसल्या. सांतोलची गार सावली सोडून त्या सगळ्या खड्ड्यांच्या मधे, रणरणत्या उन्हात बसल्या होत्या. पंख मिटून. डोळे मिटून. दुपारी घराखालच्या सावलीत बसायच्या तशा.

आणि खड्ड्यांमधल्या ओंडक्यावरच्या ताटात काहीतरी पडत होतं. बारीक. वरून.

धूळ.

कुणीतरी वर झाडत होतं.

आलिंग बिनिंग परात सोडून गुडघ्यांवर बसली आणि पुटपुटू लागली. "मी हाक दिली होती गं. दोनदा दिली होती. मी दिली होती..."

पावलं पुढे आली. जिथे दार होतं त्या कडेपर्यंत.

थांबली.

मागे गेली.

पुन्हा आली. ठक... सर्र. ठक... सर्र. कडेला थांबली. खूप वेळ थांबली. आणि पुन्हा मागे गेली.

"उतरायचंय तिला," लोलो टेरॉय हळूच म्हणाले. "आज चाळीस दिवस भरले, चर्चची संध्याकाळची घंटा व्हायच्या आत उतरायला हवं. पण उतरणार कशी? वरची पायरीच नाही."

दोन महिने हेच चाललं असेल. कडेपर्यंत यायचं, खाली बघायचं, परत फिरायचं. तेव्हा ती जिवंत होती. तेव्हाही हा आवाज येत असेल, आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकू येत असेल. अशा घरात गुपित राहत नाही, हे मघाशी मीच लिहिलंय.

मी लोलोंच्या कमरेचा कोयता उपसला.

"सोली, काय करतेस?" कुया म्हणाला.

"जे तू करायला हवं होतंस."

बेटातला एक हिरवा बांबू तोडला. मापाला सहावी पायरी धरली. लोलोंनी खाचा पाडून दिल्या. डोळा अजून धड नव्हता, तरी बोटं चुकली नाहीत. वेत मी आवळला. हाताला कापलं. बरं वाटलं. सगळा वेळ डोक्यावर ते चालणं सुरूच होतं. कडेपर्यंत. थांबा. मागे.

आम्ही शिडी उचलली. तिचे पाय जमिनीतल्या जुन्या खळग्यांत ठेवले. चाळीस वर्षांचे खळगे होते ते, अजून बुजले नव्हते. वरचं टोक हवेत. मी आणि लोलोंनी ती तिरकी धरून ठेवली. माझे दंड भरून आले होते.

आणि मग ओझं गेलं.

शिडी टेकली.

कशावर, ते मला विचारू नका. वर निळं आभाळ होतं. पण मी हात सोडला तरी ती पडली नाही. लोलोंनीही सोडला. ती उभी राहिली.

पावलं कडेला आली. थांबली.

सातवी पायरी, मी नुकतीच बांधलेली हिरवी पायरी... वाकली.

सोनं.

वेत करकरला.

मरण.

जुना बांबू दबला आणि सुटला.

चांदी.

सोनं.

मी मनात मोजत होते. लोलोंचे ओठ हलत होते. मधेच ती दम खायला थांबली. नेहमी थांबायची तिथेच.

मरण.

चांदी.

मग खालची. सोनं. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

खालच्या पायरीवर नानाय नेहमी थांबायची. डावा पाय जमिनीवर टाकायला तिला आधार लागायचा. काही न बोलता ती हात पुढे करायची, आणि खाली जो असेल तो धरायचा. लहानपणी हे माझं काम होतं.

मी शिडीपासून दोन पावलांवर उभी होते.

मला माहीत होतं, हात पुढे आलेला आहे.

मी हलले नाही.

पायरी बांधताना माझा हात थरथरला नव्हता. राग होता ना. राग असला की हात स्थिर राहतो. पण आता कुणाला काही दाखवायचं नव्हतं, फक्त हात पुढे करायचा होता. समोरच्या त्या रिकाम्या हवेत. माझ्या आईकडे. मला भीती वाटली.

आई होती. मला भीती वाटली.

पायरी वाकलेलीच.

कुया पुढे आला. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. हाफपँट, घामेजलेला गंजी, हाताला सिमेंट. त्यानं तळवा वर करून उजवा हात पुढे केला.

त्याचा हात खाली गेला. कुणी भार टाकल्यासारखा.

पायरी सरळ झाली.

तो वळला. कोपर दुमडून, अगदी सावकाश, एकेक पाऊल टाकत कुंपणाकडे चालू लागला. ठक... सर्र. आता आवाज मातीवरचा होता. तो तिच्या चालीनं चालत होता. इतक्या सावकाश त्याला चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

कुंपणापाशी तो थांबला. थोडा वाकला. ऐकत असल्यासारखा.

मग त्याचा हात आपोआप वर आला.

मागे शिडी धाडकन पडली. कोंबड्या एकदम उठल्या आणि ओरडत सांतोलच्या सावलीत पळाल्या.

कुया कितीतरी वेळ तिथेच उभा होता. मी जवळ गेले. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

तो तळव्याकडे बघत होता.

"जेवलास का, म्हणाली."

एवढंच.

आता तो नाही म्हणतो. हात आखडला होता, ऊन लागलं होतं, असं सांगतो. आलिंग बिनिंग म्हणते, ती परात घासत होती, तिनं वर पाहिलंच नाही. लोलो टेरॉय मात्र अजून हो म्हणतात. कुणी विचारलं तर. फारसं कुणी विचारत नाही.

कुयानं पक्कं घर बांधलं. त्याला एकही पायरी नाही. उंबरासुद्धा नाही. कारण मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आम्ही फोनवर बोलतो. मी त्याला माफ केलेलं नाही. तिनं केलं असेल तर तो तिचा प्रश्न.

मला समजत नाही ते एकच. मी पायरी बांधली. मी दोन पावलांवर होते. मग माझ्या कानावर एक शब्दही का आला नाही?

सातवी पायरी मी सोडवून मनिलाला आणली. माझ्या खोलीत खिडकीशी ठेवली आहे. आता पिवळी पडली आहे.

मी चौथ्या मजल्यावर राहते. माझ्यावर पाचवा मजला आहे. मध्ये सिमेंट. त्याला फटी नाहीत, मी खुर्चीवर चढून हात फिरवून पाहिलंय.

गेल्या मंगळवारी सुट्टी होती. दुपारी मी पलंगावर पुस्तक वाचत पडले होते. पानावर काहीतरी पडलं.

बारीक. वरून.

मी केसांवरून हात फिरवला. तिथेही होती.

घड्याळ मी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

तेव्हापासून घरी असेन त्या दिवशी दुपारी तीनला मी उठून बसते आणि उजवा हात पुढे करते. तळवा वर करून. अजून कुणी धरलेला नाही.

धरावा असं वाटतं. आणि हात थरथरायला लागला की, धरू नये असंही.